दहा किलोंच्या आत

मी एक जुना टांगता वजनकाटा आहे. वर लोखंडी कडी, मध्ये ताटलीएवढी गोल तबकडी, तिच्यावर एक काळा काटा आणि खाली हूक, एवढाच माझा संसार. कारखान्यात माझी स्प्रिंग बसवणाऱ्या कारागिराने मला सात वेळा तपासले. आठव्यांदा तो म्हणाला, "हा चालेल." आमच्या जातीत याहून मोठे कौतुक होत नसते, मित्रांनो.

मला विकत घेतले एका भंगारवाल्याने. सगळे त्यांना मामा म्हणत. त्यांच्या दुकानात मी अठरा वर्षे राबलो. गंजलेले पत्रे, फुटक्या बादल्या, रद्दीचे गठ्ठे, एकदा तर शिवणयंत्राचा अख्खा सांगाडा, जे अडकवाल ते मी उचलले आणि जे भरले तेच सांगितले. "मामांच्या काट्यात पासंग नाही," असे गिऱ्हाईक एकमेकांना सांगायचे. खरे म्हणजे पासंग दोन पारड्यांच्या तराजूला असतो, मला कुठून असणार? पण स्तुती करणाऱ्याच्या चुका काढायच्या नसतात. मी आपला ऐकून सुखावत असे.

मग दुकानात विजेवर चालणारा काटा आला. त्याचे लाल आकडे चमकायचे. मला मागच्या भिंतीवर खिळ्याला अडकवले गेले. गरज सरो, वैद्य मरो! माझ्या पाठीमागे एका कुंभारमाशीने मातीचे घर बांधले. चार वर्षे मी कोणाचेही वजन केले नाही आणि कोणी मला पुसलेही नाही. त्या दिवसांत मला फार वाईट वाटायचे, हे कबूल करतो.

एका सकाळी लाल आकड्यांचे महाराज चालूच होईनात. मामांना तर लगेच निघायचे होते. गावातल्या मोठ्या सभागृहाच्या कोठारातली स्टीलची चारशे ताटे भंगारात निघणार होती. नाइलाजाने त्यांनी मला खाली काढले, माशीचे घर खरवडले, मागचा स्क्रू पिळून काटा शून्यावर आणला आणि आम्ही निघालो.

सभागृहाच्या व्यवस्थापकांना लोक पाठीमागे 'नाहीसाहेब' म्हणत, कारण कोणी काहीही विचारले तरी त्यांचे पहिले उत्तर तेच असे. कोठाराच्या दाराशी एक मावशी उभ्या होत्या. वीस वर्षे तीच ताटे त्यांनी घासली होती. पहिला गठ्ठा माझ्या हुकाला लागला, तेव्हा त्यांनी तोंड फिरवले. मी आयुष्यात पुष्कळ ओझी उचलली, पण त्या गठ्ठ्याने माझा जीव खाली ओढला.

तेवढ्यात मामांची भाची आली. सभागृहातल्या समारंभांची आखणी तीच करायची. तिला सगळे ताई म्हणत.

"मामा, थांबा जरा," ती म्हणाली. "साहेब, ही ताटं का काढताय?"

"आता सगळं वापरून फेकायचं. ताटं, वाट्या, पेले. घासायची कटकट कुणाला हवीय?"

"मावशी आहेत ना घासायला."

"त्यांना पुढच्या महिन्यापासून येऊ नका म्हणून सांगितलंय."

ताईने माझ्या हुकाचा गठ्ठा उतरवून ठेवला आणि म्हणाली, "तीन आठवड्यांनी ग्रंथालयाच्या पन्नाशीचा सोहळा आहे. तो मला माझ्या पद्धतीनं करू द्या. कचऱ्याच्या गाडीत जाणारा माल दहा किलोंच्या आत आला, तर ताटं राहतील आणि मावशीही राहतील."

"आणि नाही आला तर?"

"तर ताटं मी स्वतः मामांच्या गाडीत चढवीन."

"वजन कोण करणार?"

मामांनी मला थोपटले. "हा करेल. ह्याला कुणाची भीड नाही." आणि नाहीसाहेबांनी चक्क नाही म्हटले नाही.

त्याच आठवड्यात तिथे दुसरी एक मेजवानी झाली. तिचा कचरा ताईने मला लावून पाहिला. पाच गोण्या, चौसष्ट किलो. मावशींनी आकडा ऐकला आणि म्हणाल्या, "ताई, हे काही जमायचं नाही. तू माझ्यापायी कशाला वाईट होतेस?" ताईने वही उघडली आणि लिहायला बसली.

मित्रांनो, समारंभ म्हणजे मांडव आणि माणसे एवढेच मला ठाऊक होते. ताईची तयारी पाहून माझे डोळे उघडले. तिने प्रत्येक पाहुण्याला फोन करून जेवायला येणार का ते विचारले, म्हणजे अन्न अंदाजपंचे शिजायला नको. पाण्याच्या बाटल्यांऐवजी तोट्यांची पिंपे आणि काचेचे पेले आले. रोपवाटिकेतल्या कुंड्या एका दिवसापुरत्या उसन्या आणल्या. खिडक्यांचा उजेड पुरावा म्हणून कार्यक्रम सकाळी अकराला ठेवला. रंगाऱ्याने सवयीने स्वागताच्या फलकावर तारीख घातली होती, ती तिने पुसायला लावली. "पुढच्या वेळी हाच फलक लावता येईल," ती म्हणाली. बिनतारखेचा फलक आयुष्यात पहिल्यांदाच रंगवतोय, असे तो पुटपुटत राहिला.

खरी जुंपली ती आचाऱ्याशी. भाताचा मोठा डाव उचलून ताईने तिथे लहान पळी ठेवली.

"लोक मला कंजूष म्हणतील," आचारी म्हणाला.

"हवं तितक्यांदा वाढा, आचारीकाका. फक्त एकदम वाढू नका."

सोहळ्याच्या दिवशी तीनशे ऐंशी माणसे जेवली. ताटे झरझर मोरीकडे जात होती आणि मावशी कंबर कसून उभ्या होत्या. उष्टे अन्न जेमतेम एक बादली निघाले. ते मागच्या बागेतल्या खतखड्ड्यात गेले. पळीची करामत आचाऱ्याने मान्य केली, पण तोंडाने नाही. मग गाडीत जाणारा कोरडा कचरा माझ्या हुकाला लागला. सव्वासहा किलो. माझा काटा एकदा थरथरला आणि तिथेच ठाम राहिला. मामांनी टाळी वाजवली.

आणि त्याच वेळी व्यासपीठाकडून कागद फाटल्याचा आवाज आला.

झाले होते असे. निमंत्रणात ताईनेच लिहिले होते, 'पुष्पगुच्छ आणू नयेत, ग्रंथालयासाठी एखादे पुस्तक आणावे.' फुलांचा कचरा टळला म्हणून ती खूश होती. पण भेटवस्तू उघडी कोण देतो? तीनशे पुस्तके आली आणि प्रत्येक पुस्तक चकचकीत जाड कागदात, चिकटपट्टी लावून, वर फीत बांधून आले. घरचे झाले थोडे, व्याह्याने धाडले घोडे! ग्रंथपालांनी उत्साहाने चाळीस पुस्तकांवरचे कागद फाडलेही होते. ताईने तेवढेच कागद मला लावले. पाऊण किलो. तिने मनातल्या मनात हिशेब केला आणि मटकन खुर्चीवर बसली. सगळे कागद निघाले की आकडा अकराच्या पुढे जाणार होता.

"एक गोणी मी घरी नेतो," आचारी हळूच म्हणाला. "कुणाला कळणार आहे?"

"माझ्या मामांच्या काट्यावर खोटं नको," ताई म्हणाली. "आणि तुमच्या घरून तरी ती कुठं जाणार? त्याच गाडीत."

मला तिचा इतका अभिमान वाटला, की बोलता आले असते तर मी ओरडलो असतो. पण अभिमानाने वजन कमी होत नाही.

मावशी ओले हात पुसत आल्या. त्यांनी एक पुस्तक उचलले, नखाने चिकटपट्टी अलगद सोडवली आणि कागद मांडीवर ठेवून सरळ केला. "फाडताय कशाला? माझ्या लेकीच्या वह्यांना मी असलेच कागद जपून ठेवून कव्हरं घालायचे. किती जाड आहे बघा."

ग्रंथपालांनी तो कागद हातात घेतला. "आमच्या बालविभागातल्या पुस्तकांचे पुठ्ठे उघडे पडलेत," ते म्हणाले. "तीनशे कव्हरं कुठून आणायची, याच काळजीत होतो मी."

मग काय विचारता! निघायच्या बेतात असलेले पाहुणे परत बसले. आजोबा, काकू, लहान मुले, सगळ्यांनी आपापली पुस्तके हळुवार उघडली. कागदांचे गठ्ठे झाले. फितींच्या वाचनखुणा कापल्या गेल्या. तासाभरात उरले ते फाटके तुकडे आणि चिकटपट्टीचे गोळे.

नाहीसाहेब चष्मा लावून आले. सगळ्या पिशव्या एकत्र बांधून माझ्या हुकाला लावल्या. माझा काटा झोके घेत नऊपर्यंत गेला, मागे आला आणि साडेसातवर थांबला.

"काढा. पुन्हा लावा," ते म्हणाले.

पुन्हा साडेसात. त्यांनी मागचे अंगण पाहिले, कोठार पाहिले, मामांची गाडीसुद्धा पाहिली. कुठे काही लपवलेले नव्हते. मग ते परत आले, चष्मा काढला आणि म्हणाले, "मावशी, उद्या किती वाजता येणार?"

"रोजच्याच वेळेला," मावशी म्हणाल्या आणि त्यांना रडू आवरले नाही. सभागृहात टाळ्यांचा असा कडकडाट झाला, की माझी तबकडी हादरली.

त्याला आता पाच वर्षे झाली. मामांनी मला ताईला देऊन टाकले. मी सभागृहाच्या मागच्या दाराशी राहतो आणि प्रत्येक समारंभाचे वजन करतो. आजवरचा विक्रम आहे पावणेतीन किलोंचा. दूरदूरची माणसे ताईची वही पाहायला येतात आणि जाताना माझ्याकडेही पाहतात. मी ऐटीत असतो, लपवत नाही.

मित्रांनो, वर्षातून एकदा मला तेलाचे दोन थेंब द्या आणि पाठीवर कोणाला घर बांधू देऊ नका, एवढीच माझी स्वतःसाठी मागणी आहे. दुसरी मागणी तुमच्यासाठी. घरी समारंभ ठरला की पाहुण्यांच्या यादीशेजारी कचऱ्याचीही यादी करा. पुस्तक भेट द्यायचे तर उघडेच द्या. आणि शेवटची गोणी गाडीत टाकण्याआधी एखाद्या काट्याला लावून बघा. आकडा मोठा आला तर जरूर रागवा, फक्त काट्यावर रागावू नका.