जिबेकला थांबवायचा उपाय

उर्सुलाबाई दुपारी येणार होत्या आणि जिबेकचा सकाळपासून पत्ता नव्हता. बुरूलचाचं डोकं नुसतं भणभणत होतं. जर्मनीला जायच्या सपाता खोक्यांत भरायच्या राहिल्या होत्या, लोकरीच्या मोठ्या नमद्यावरची नक्षी अर्धवट आखून पडली होती, आणि ती आखता येणारी गावात एकच पोर. तिलाच नेमका आज उशीर करायला सुचलं होतं.

कारखान्याच्या या इमारतीत पूर्वी सरकारी मेंढ्यांना औषध पाजायचे. मग रशियाचं राज्य गेलं, देशच बदलला. मेंढ्या लोकांनी वाटून घेतल्या आणि वर्षभरात खाऊन संपवल्या, पगार थांबले, धडधाकट माणसं दिवसभर भिंतीला टेकून बसायला लागली. परदेशी मदतीचा प्रकल्प किर्गिझ मुलखातल्या कोचकोरच्या या बाजूला आला तेव्हा बुरूलचाने शेजारपाजारच्या बायका गोळा केल्या. लोकर भिजवून, लाटून नमदा कसा करायचा हे शिकवायला कुणी परदेशी बाई नको होती, ते आज्यांनीच शिकवलं होतं. पण त्या नमद्याच्या सपाता करून त्या सातासमुद्रापार कुणाला विकायची, हे आज्यांना कुठलं ठाऊक? प्रकल्पाने लोकर पिंजायचं यंत्र दिलं, गिऱ्हाईक मिळवून दिलं, मुलींना शिकवलं. आता पुढची मदत मिळाली की रंगाची शेड होणार होती, दुसरं यंत्र येणार होतं.

पण मागच्या खेपेला प्रकल्पाच्या उर्सुलाबाई एक प्रश्न टाकून गेल्या होत्या. शिकवलेल्या मुली एकेक करून रशियाला नाहीतर राजधानी बिश्केकला पळत होत्या. आता जिबेकलाही बिश्केकच्या एका दुकानात नक्षीकाम मिळालं होतं, येत्या सोमवारी ती निघणार होती. शिकलेली माणसं गावात टिकवायला तुमच्याकडे उपाय काय, असं बाईंनी विचारलं होतं. पुढच्या वेळी येईन तेव्हा सांगा, त्यावर मदतीचं ठरवू. गाडी चालवणाऱ्या बोलोतने हे सगळं किर्गिझमध्ये सांगितलं आणि बुरूलचाने मान हलवली. उपाय कसला, डोंबल.

तो प्रश्न ती घरी घेऊन आली आणि रोज जेवताना उगाळत बसली. ऐकायला तिघं असायची. म्हातारी सासू, नवरा वारल्यावर माहेरी परतलेली नणंद काकिश आणि बुरूलचाचा मुलगा तिलेक. ही पोर गेली की कारखान्याला कुलूप लागलं म्हणून समजा, असं ती म्हणायची. तिला इथे बांधून ठेवणारा कुणी भेटला तर त्याचे पाय धुऊन पाणी पिईन, असंही म्हणायची. सासू चहा फुरकायची, तिलेक भाकरीचा तुकडा मोडायचा.

दारातून शेजारची सायरा धापा टाकत आत आली आणि तिने हात पुढे केला. "सुयुंचू, बुरूलचा, सुयुंचू. आधी दे, मग सांगते."

आनंदाची बातमी आणणाऱ्याने असा हात पुढे करायचा आणि ऐकणाऱ्याने त्यावर काहीतरी ठेवायचं, ही रीत. बुरूलचाने खोक्यातला लाल सपातांचा जोड उचलून ठेवला.

"तुझ्या घरी सून आली. तिलेकने आणली."

बुरूलचा मटकन खुर्चीत बसली आणि हसत सुटली. म्हणजे तिलेकची ती पोस्टातली मुलगी. दोन वर्षं नुसते हिंडत होते, एकदाचं जमलं तर. चोरटा, आईला एका शब्दाने बोलला नाही. बाई आल्या की सरळ घरी पाठवा, लग्नाचा चहा पिऊन जातील, असं तिने बायकांना सांगितलं आणि डोक्यावरचा रुमाल नीट करत घराची वाट धरली.

घरात बायकांची दाटी झाली होती. चुलीवरच्या कढईत कणकेचे बोरसोक तळणं चालू होतं. खोलीच्या कोपऱ्यात नव्या नवरीसाठी बांधतात तसा पडदा बांधला होता आणि काकिश पांढरा रुमाल घेऊन त्याच्याजवळ उभी होती. सासूने हा रुमाल डोक्याला बांधला की मुलगी घरची झाली.

"ये, तुझ्यावाचून अडलंय," काकिश म्हणाली आणि तिने पडदा बाजूला सारला.

आत जिबेक बसली होती. केस सुटलेले. एका पायात बूट होता, दुसरा पाय उघडा. कालच्या रंगाने निळी झालेली बोटं तिने गुडघ्यांवर घट्ट आवळून धरली होती. तिने वर पाहिलं.

"एजे, तुम्ही पाठवलंत त्यांना?"

एजे म्हणजे ताई. सात वर्षं ही पोर बुरूलचाला तशी हाक मारत होती. बुरूलचा काकिशकडे वळली.

काकिशने न लाजता, कौतुकाने सगळं सांगितलं. पोर सकाळी कारखान्याला निघाली होती, तिलेकने दोन मित्रांना घेऊन तिला गाडीत घातलं. फार चावली, ओरबाडलं, आता शांत झालीय. सगळ्याच आधी रडतात.

"तूच म्हणायचीस ना, पाय धुऊन पाणी पिईन म्हणून?" काकिश हसत म्हणाली. "मग आण तांब्या. धू मुलाचे पाय."

बायका हसल्या. काकिश दुष्ट नव्हती. शेजारणीच्या आजारपणात रात्रंदिवस उशाशी बसणारी बाई होती ती, आणि म्हणूनच बुरूलचाच्या अंगावर काटा आला. दारात तिलेक उभा होता, गालावर ताज्या ओरखड्यांच्या रेघा. शाळेत असताना बक्षीस घेऊन घरी यायचा तेव्हाचाच त्याचा चेहरा.

"आपा, आता सांग त्या बाईला," तो आईला म्हणाला. "जिबेक कुठे जात नाही. झाला की नाही उपाय?"

त्याची आई त्याच्याकडे बघतच राहिली. याला आपण जन्म दिला, याला आपण वाढवलं, आणि याला आपल्या बोलण्यातून हे ऐकू आलं.

याच कोपऱ्यात, अशाच पडद्यामागे तीही बसली होती. नारीन शहरातल्या शिक्षक विद्यालयात तिचं नाव लागलं होतं, ट्रंकही भरलेली होती. संध्याकाळी ती उठून दाराशी गेली, तर सासू उंबरठ्यावर आडवी झाली. म्हाताऱ्या माणसाला ओलांडलं की त्याचा तळतळाट जन्मभर पाठ सोडत नाही. बुरूलचा मागे फिरली आणि बसली. पुढे संसार चांगलाच झाला. लोक तसं म्हणायचे, तीही म्हणायची. त्या ट्रंकेचं नाव मात्र तिने कधी कुणापाशी काढलं नव्हतं.

तिने जिबेकचा हात धरून तिला उभं केलं. "चल."

काकिशला काही समजेना. समजलं ते म्हातारीला. ती उठली, कुरकुरत्या गुडघ्यांनी दाराशी गेली, शाल पसरली आणि उंबरठ्यावर आडवी झाली. राग नव्हता तिच्या तोंडावर. मागच्या वेळीही नव्हता.

"जा," ती म्हणाली. "मला ओलांडायची छाती असेल तर जा."

तिघा पुरुषांना चावून काढणारी जिबेक त्या म्हातारीपुढे जागच्या जागी थांबली. हातातला तिचा हात गार पडत गेलेला बुरूलचाला कळला. हे थांबणं तिच्या चांगलंच ओळखीचं होतं.

"एने, तेव्हा मी थांबले," ती सासूला म्हणाली. "आज आधी मी जाते. काय लागायचं ते मला लागू दे."

आणि तिने पाय उचलला. घागऱ्याची कड म्हातारीच्या गालावरून घासत गेली, म्हातारीने डोळे मिटून घेतले. मागे कुणीतरी देवाचं नाव घेतलं. पलीकडे जाऊन बुरूलचाने हात पुढे केला तशी जिबेकने एकदम उडी मारली.

अंगणात प्रकल्पाची गाडी येऊन उभी होती. उर्सुलाबाई चॉकलेटचा मोठा डबा घेऊन उतरल्या, चेहरा आनंदाने फुललेला. सून कोण, हे त्यांना कारखान्यातच कळलं होतं. त्या भराभरा बोलत होत्या आणि बोलोत जिबेकच्या अनवाणी पायाकडे बघत उभा होता.

"काय म्हणतात?" बुरूलचाने विचारलं.

"म्हणतात, अभिनंदन," तो खाली बघत म्हणाला. "जिबेक तुमच्याच घरात आली, म्हणजे आता गावातच राहील. प्रश्न सुटला म्हणतात."

"बाईंना सांग, त्यांनी मला विचारलेला प्रश्न मी घरी विचारला आणि माझ्या घरच्यांनी त्याला हे उत्तर दिलं. सांग, हिला पळवून आणलंय. हिला आत्ताच्या आत्ता बिश्केकला पोचवा. आणि माणसं टिकवायचा उपाय आमच्याकडे नाही, हेही सांग."

बोलोत सांगत गेला तसा बाईंचा चेहरा पांढराफटक पडत गेला. पुढची मदत, शेड, यंत्र, कशाचाही विषय निघाला नाही. जिबेक कधीच गाडीत जाऊन बसली होती.

"मी पाठवलं नव्हतं," बुरूलचा खिडकीशी जाऊन म्हणाली. "पण बोलले होते मी. रोज बोलत होते."

तेवढ्यात कुंपणाशी उभी असलेली सायरा पुढे आली आणि तिने लाल सपातांचा जोड बुरूलचाच्या हातात परत ठेवला. असली बातमी सांगून काही घेऊ नये, म्हणाली. बुरूलचाने तो जोड तसाच खिडकीतून आत दिला. सपातांवरची नक्षी जिबेकचीच होती. तिने एक घेतली, उघड्या पायात घातली आणि दुसरी परत दिली.

गाडी वळणाआड गेली. एक सपात हातात धरून बुरूलचा घराकडे वळली. म्हातारी उंबरठ्यावरून उठली नव्हती, आणि आत जायला दुसरं दार नव्हतं.