दसऱ्याचा एक व्हिजिटर

"जयमालाताई, एका माणसासाठी अख्खा सर्व्हर चालू ठेवायचा? महिनाअखेर तो बंद म्हणजे बंद," उत्कर्षा म्हणाली.

"माणूस आहे, एवढं तरी मानलंस."

"कसला माणूस? बॉट असेल. एखादा आपोआप फिरणारा प्रोग्रॅम."

"बॉटला दसरा कळतो?"

उत्कर्षाने लॅपटॉपवरून मान वर केली. "योगायोग हो. टेन्शन नका घेऊ."

वाशीच्या त्या दोन खोल्यांच्या ऑफिसात छोट्या कारखान्यांच्या वेबसाइट सांभाळल्या जात. उत्कर्षा मालकीण, वयाने जयमालाची भाची शोभेल अशी. स्वभावाने वाईट नाही, फक्त कायम घाईत. जयमालाचं काम मात्र कुणाच्या डोळ्यांत न भरणारं. प्रत्येक वेबसाइटवर महिन्याभरात किती लोक आले, कुठल्या ब्राउझरमधून आले, विंडोजवरून की अँड्रॉइडवरून, याचा रिपोर्ट करायचा. ती नोकरीला लागली तेव्हा सगळं जग इंटरनेट एक्सप्लोररच्या निळ्या 'ई'वर टिचकी मारून यायचं. मग कोल्ह्याचं चित्र आलं, मग तो रंगीत गोळा आला, आणि शेवटी मोबाइलने सगळ्यांनाच गिळून टाकलं. लोक बदलत गेले आणि जयमाला इमानेइतबारे आलेख काढत राहिली. नवरा चेष्टा करायचा, "जगाच्या फोनमध्ये काय चाललंय ते तुला ठाऊक. माझा चष्मा कुठंय ते सांग बघू!"

पावणे औद्योगिक वसाहतीतल्या 'शहाजी इंजिनिअरिंग वर्क्स'च्या आलेखात मात्र एक ओळ हलायला तयार नव्हती. विंडोज एक्सपी, इंटरनेट एक्सप्लोरर, एक व्हिजिटर. वर्षातून एकदाच. तारीख दरवर्षी वेगळी, त्यामुळे कुणीतरी चुकून येत असेल म्हणून जयमालानेही तिच्याकडे कधी लक्ष दिलं नव्हतं. परवा जुने रिपोर्ट एकत्र करताना तिने सहज त्या तारखांच्या तिथी पाहिल्या, तर प्रत्येक तारखेला दसराच होता.

नव्या ब्राउझरवाल्यांना नवी वेबसाइट दिसे आणि जुन्यांना जुनी. ती जुनी ज्या सर्व्हरवर होती तो आता बंद होणार होता, आणि यंदाचा दसरा नेमका महिना उलटल्यावर लगेच. वर्षभर वाट पाहून कुणीतरी दाराशी यायचं आणि दारच नसायचं, हे काही तिच्या घशाखाली उतरेना. तिने सरळ कारखान्यात फोन लावला.

"मॅडम, आमी सगळे मोबाइलवरच बगतो," शहाजींचा मुलगा शिवतेज म्हणाला. "एक्सपी? अच्छा, ते डबडं! ते आईचं हाय. तिलाच विचारा."

दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकून ती पावण्याला गेली. असावी म्हणून जुन्या वेबसाइटची एक प्रत पेनड्राइव्हवर घेतली होती. कारखान्याच्या गाळ्यात लेथ मशीन घरघरत होतं. कोपऱ्यातल्या टेबलावर जुन्या लुगड्याचं कव्हर घातलेला कंप्युटर होता, आणि शेजारी शिवतेजची आई, बाळाबाई. सत्तरीच्या घरातली, खुर्चीत ताठ बसलेली.

"मालक हितंच बसायचे," बाळाबाई कव्हर काढत म्हणाल्या. "वेबसाइट झाली त्या दसऱ्याला मला बोलवून दावली. म्हनले, बग, आपला गाळा आता अमेरिकेतबी दिसतोय! तवापासनं लेथची पूजा झाली की ह्याला हळदकुंकू लावायचं, आन ती उगडायची. ते गेले, तरी मी उगडती."

बरंच थांबल्यावर पान उघडलं. शर्टाच्या बाह्या दुमडलेले शहाजी, लेथवर हात ठेवून, फोटो काढणाऱ्याला काहीतरी सांगत हसणारे. नव्या वेबसाइटवर हा फोटो नव्हता. तिथे सुट्या भागांचे फोटो होते.

"मावशी, हा मोठा करून फ्रेम करून देऊ का?"

"फ्रेम हाय की घरात. तिला हार हाय." बाळाबाईंनी पदराने पडद्यावरची धूळ पुसली. "हितं ते बिनहाराचे हायती."

जयमालाच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने ते लपवलंही नाही. मग नाक पुसून तिने सर्व्हरची गोष्ट सांगितली, पेनड्राइव्ह लावला आणि सगळी पानं त्या कंप्युटरमध्येच उतरवली.

"आता इथे दोनदा टिचकी मारायची. नेट नसलं तरी उघडेल."

"मंजी अमेरिकेत दिसंल न्हवं?"

खोटं बोलणं सोपं होतं. पण समोरची बाई इतकी वर्षं दसऱ्याला नेमाने त्या दाराशी येत होती.

"नाही, मावशी. आता फक्त इथेच दिसेल. तुम्हालाच."

बाळाबाईंनी खुर्ची पडद्याजवळ ओढली.

"ऱ्हाऊ द्या," त्या म्हणाल्या. "लई जनांनी बगितलं त्यास्नी. आता माज्यापुरतं ऱ्हाऊ द्या."

दसऱ्याच्या सकाळी जयमाला दाराला झेंडूचं तोरण बांधत होती. तेवढ्यात फोन वाजला.

"उगडलं बगा," पलीकडून बाळाबाई म्हणाल्या. "सोनं घ्या!"

"तुम्हीही घ्या, मावशी," जयमाला म्हणाली, आणि उगाचच तोरणाची गाठ सोडून पुन्हा बांधत बसली.

महिना संपल्यावर उत्कर्षा रिपोर्ट बघायला तिच्या खुर्चीमागे येऊन उभी राहिली. जुनी वेबसाइट बंद झाली तरी दाराशी येऊन परत गेलेल्यांची नोंद होतच असे. जुन्या ओळीपुढे शून्य होतं.

"बघा, दसरा येऊन गेला ना? कोणीच नाही आलं. बॉटच होता तो."

"असेल," जयमाला म्हणाली, आणि इतकी वर्षं जपलेली ती ओळ तिने स्वतःच्या हाताने आलेखातून काढून टाकली.