उजव्या बाजूचा हेडर

पंकजाला राग आला की ती पाने पुसायला घेते. तोंडातून अवाक्षर काढत नाही, फडकं डिझेलात बुडवते आणि एकेक पाना असा घासते की समोरच्यानं काय ते समजून घ्यावं. नगरहून संभाजीनगरकडे जाताना शेंडी गावाच्या अलीकडे तिचं सायलेन्सरचं दुकान आहे. त्या रस्त्यावरचे ट्रकवालेसुद्धा बाई पाने पुसताना दिसल्या की आधी समोर चहा पितात आणि मग येतात. यंदा नवरात्राच्या सातव्या माळेला दुकानातला शेवटचा पाना पुसून झाला, तरी राग शिल्लक होता.

रागाचं कारण हर्षल. नेवासा फाट्याजवळ त्याचा पेट्रोल पंप आहे आणि चैत्रात त्यानं नगरच्या एका डॉक्टरांच्या मुलांकडून त्यांची जुनी मोटार विकत घेतली. अडुसष्ट सालची अमेरिकन गाडी. दोन दारं, लांबलचक नाक आणि त्या नाकाखाली आठ सिलिंडरचं इंजिन. डॉक्टर अमेरिकेहून परतले तेव्हा हिला सोबत घेऊन आले होते. ते वारल्यावर ती दहा वर्षं ताडपत्रीखाली होती. हर्षलनं तिला पुण्यात लाल रंग मारून आणला, पण तेवढ्यानं त्याचं समाधान झालं नाही. त्याला आवाज पाहिजे होता. गाडी वळणावर दिसायच्या आधी माणसं थांबून बघायला लागली पाहिजेत, असा आवाज.

त्यासाठी हेडर पाहिजेत, हे त्याला पुण्यातल्या मित्रानं सांगितलं होतं. इंजिनातला धूर बाहेर काढायला जुन्या गाडीत बिडाचा जाडजूड मॅनिफोल्ड असतो. तो काढून त्याच्या जागी दर सिलिंडरला एक अशा वेगवेगळ्या नळ्या बसवायच्या, चार डावीकडे आणि चार उजवीकडे. इंजिन मोकळा श्वास घेतं आणि डरकाळी फोडतं. जून महिन्यात हर्षल मोबाईल नाचवत दुकानात आला. गाडीचं साल, मॉडेल, इंजिन असं सगळं भरल्यावर एका अमेरिकन ऑनलाइन दुकानाच्या यादीनं हिरवी खूण करून सांगितलं होतं की हे हेडर हिला बसतात.

पंकजानं तेव्हाच त्याला सांगितलं होतं, आणि चांगल्या शब्दांत सांगितलं होतं. गाडी चार दिवस ठेवा, मी तारेचा साचा करते, मग काय मागवायचं ते मागवा. तिच्या वडिलांची, सहादेवरावांची, ती पद्धत होती. इंजिनापासून मागच्या टोकापर्यंत नळी जिथून जाणार तिथून आधी जाड तार वाकवत न्यायची. तार कुठं अडते, कुठं वळते, कुठं गतिरोधकाला घासेल ते बघायचं आणि मगच नळीला हात घालायचा. पन्नास वर्षांत सहादेवरावांनी तारेशिवाय एक नळी वाकवली नव्हती.

हर्षल हसला. म्हणाला, “ताई, कंपनीच म्हणते बसतं म्हणून. तार कशाला?”

“कंपनीनं तुम्हाला स्टिअरिंग कुठल्या बाजूला हाय ते विचारलं का?”

“त्यात काय विचारायचं? स्टिअरिंग उजवीकडंच असतं.”

इथंच घोडं पेंड खात होतं. आपल्याकडं असतं उजवीकडं. अमेरिकेत ते डावीकडं असतं आणि ही गाडी आली तेव्हा हिचंही डावीकडंच होतं. डॉक्टर डाव्या हाताला बसून मनमाड रस्त्यावर उसाच्या ट्रकमागून गाडी चालवायचे, तेव्हा पुढचं काही दिसायचं नाही. मग डॉक्टरीणबाई उजवीकडच्या खिडकीतून मान बाहेर काढून सांगायच्या, या, या, थांबा, आता या. दोन वर्षं तो संसार असा ट्रकांमागं अडकून पडला होता. शेवटी एकोणऐंशी साली डॉक्टरांनी गाडी एका तिशीतल्या मेस्त्रीकडं आणली आणि स्टिअरिंग उचलून उजवीकडं न्यायला सांगितलं. तो मेस्त्री म्हणजे सहादेव. भंगारातल्या जीपचा स्टिअरिंग बॉक्स, तो ज्यावर बसवला ती लष्करी भंगारातली जाड लोखंडी पाटी आणि बारा दिवसांची मेहनत. अमेरिकेतल्या यादीत ही हकीकत कुठून असणार? पंकजानं एवढंच सांगितलं की ही गाडी आता त्या यादीतली राहिलेली नाही. हर्षलनं ऐकून घेतलं आणि घरी जाऊन हेडर मागवले.

ते सातव्या माळेला आले. चकचकीत नळ्यांचे दोन घोस खोक्यातून निघाले आणि हर्षलनं त्यांचं मोबाईलवर शूटिंग केलं. पंकजानं गाडी वर घेऊन जुने मॅनिफोल्ड उतरवले आणि डावा हेडर लावला. तो पहिल्या फटक्यात बसला. हर्षल तिच्याकडं बघून असा हसला की तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. मग तिनं उजवा हेडर वर सरकवला. चारपैकी दोन नळ्या स्टिअरिंग बॉक्सवर जाऊन आदळल्या. तिनं तो तिरका धरून पाहिला, खालून घालून पाहिला, इंजिन एका बाजूनं इंचभर उचलून पाहिलं. बॉक्स जिथं होता तिथूनच त्या नळ्यांना जायचं होतं.

आता माणसानं काय म्हणावं? चुकलं म्हणावं, नाहीतर गप्प बसावं. हर्षल गाडीखाली वाकला, टॉर्च मारला आणि म्हणाला, “हे कुठल्या टपरीवाल्यानं बसवलंय? नुसतं ठिगळ आहे. कापून टाका ही पाटी, बॉक्स दीड इंच खाली घ्या.”

सहादेवराव चार हातांवर बाकड्यावर बसले होते. शहात्तर वर्षांचे, गुडघे गेलेले, पण कान शाबूत. पंकजानं त्यांच्याकडं पाहिलं. आता बोलतील, आता बोलतील. ते चहाच्या ग्लासात बघत राहिले आणि मग म्हणाले, “बगू मालक. तुमी म्हनाल तसं.”

पंकजानं पाना खाली ठेवला आणि हे काम मी करणार नाही असं सांगितलं. पाटी कापून बॉक्स दोन बोल्टांवर लटकवला तर गाडी सपाट रस्त्यावर चालेल, घाटात चालणार नाही, हेही सांगितलं. हर्षलला दसऱ्याला आईला घेऊन मोहटादेवीला जायचं होतं, करंजीचा घाट उतरून, तिसगाव, पाथर्डी करत, सगळ्या तालुक्याला आवाज ऐकवत. तो म्हणाला, तुम्हाला जमत नसेल तर मी माणूस आणतो. गाडी वर घेतलेली होती म्हणून ती दुकानातच राहिली आणि तो निघून गेला.

त्या संध्याकाळी बाप-लेकीचं चांगलंच वाजलं. म्हणजे पंकजा बोलत होती आणि सहादेवराव भाकरी कुस्करत होते. तिला हर्षलचा राग होताच, पण खरा राग बापाचा होता. लहानपणी ती त्यांच्याबरोबर डॉक्टरांच्या बंगल्यावर जायची. एकदा डॉक्टरांनी पाहुण्यांना गाडी दाखवताना सांगितलं होतं की स्टिअरिंग मुंबईच्या कंपनीतून करून घेतलं. बाप शेजारी तेलकट हातांनी उभा होता आणि हसत होता. सात वर्षांच्या पोरीला कळलं ते त्याला कळलं नव्हतं का? जमलं तेव्हा मुंबईची कंपनी, अडलं तेव्हा टपरीवाला, आणि हा माणूस दोन्ही वेळेला मान डोलावणार.

“बापू, एकदा तरी सांगा की ते तुमी केलंय,” ती म्हणाली.

“गिऱ्हाईक हाय,” सहादेवराव म्हणाले. “त्याच्या गाडीला तो काय बी म्हनंल.” आणि त्यांनी ताक मागितलं. पंकजानं ताकाचं पातेलं त्यांच्यासमोर असं ठेवलं की निम्मं सांडलं.

नवमी उजाडली. खंडेनवमीला दुकानात कामासाठी कशालाच हात लावायचा नाही. हातोड्या, पाने, छिन्न्या, नळ्या वाकवायचं यंत्र, सगळं धुऊन पाटावर मांडायचं, हळदकुंकू वाहायचं, झेंडूचा हार घालायचा आणि दुसऱ्या दिवसापर्यंत उचलायचं नाही. सहादेवराव धुतलेल्या धोतरात उदबत्ती ओवाळत होते, तेवढ्यात हर्षलची जीप आली. हर्षल पांढऱ्याशुभ्र नव्या कुडत्यात होता. त्याच्याबरोबर एमआयडीसीत वेल्डिंग करणारा बजरंग होता. मागच्या सीटवर हर्षलची आई साळूबाई मोटारीच्या पूजेचं ताट मांडीवर घेऊन बसली होती.

पंकजानं सांगितलं, आज नवमी आहे, आज इथं काम होत नाही. हर्षलनं जीपमधून ग्राइंडर काढला. म्हणाला, तुमची हत्यारं राहू द्या पूजेत, हा माझ्या पंपावरचा आहे. बजरंगच्या घरीही सगळं पूजेला मांडलेलं असणार. तो इकडंतिकडं बघत वायर उलगडत होता, पण उलगडत होता. त्यानं पिन लावली आणि बटण दाबून पाहिलं. पूजेच्या घंटीवर तो आवाज चढला.

पंकजाचा हात सवयीनं फडक्याकडं गेला. फडकं सापडलं, पण पुसायला पाना नव्हता. सगळे पाने पाटावर कुंकू लावून बसले होते. मग जे आजवर फडक्यात जायचं ते तोंडातून आलं.

“कापा,” ती म्हणाली. “गाडी तुमची हाय. पण कापल्यावर पहिल्या खेपेला आईला शेजारी बसवून करंजीचा घाट उतरायचा. आन् मधल्या वळनावर हातातलं स्टिअरिंग नुसतं गरागरा फिरायला लागलं की त्यांना सांगायचं, आवाज कसा झकास येतोय.”

साळूबाई जीपमधून उतरली. ताट तसंच हातात. तिनं मुलाकडं पाहिलं आणि पंकजाला विचारलं, “काय कापत्यात?”

“स्टिअरिंग ज्याच्यावर बसलंय ती पाटी.”

“कुनी बसवलीया ती?”

याचं उत्तर द्यायचं काम पंकजाचं नव्हतं. ती बापाकडं बघत राहिली. या खेपेला ते गप्प बसले असते तर तिनं पुन्हा त्यांचं तोंड पाहिलं नसतं, निदान तसं तिनं ठरवलं होतं.

सहादेवरावांनी उदबत्ती खोचली. भिंतीला धरत धरत ते लाल मोटारीपाशी गेले. कालच ती जॅकवरून उतरवून चाकांखाली लाकडी ठोकळे दिले होते. त्यांनी दार उघडलं आणि उजव्या सीटवर बसून दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले.

“म्या बसवलीया,” ते म्हणाले. आवाज मोठा नव्हता, पण राग लपत नव्हता. “एकोनऐंशी सालात. बारा दीस लागलं. प्लेट लष्करातली हाय, वेल्डिंग माझं हाय. डागदरानं पस्तीस वर्सं ही गाडी चालवली, किती घाट उतरला आसंल, एकदा हाललं न्हाई. परवा तुमी मला टपरीवाला म्हनलात. व्हय, हाय मी टपरीवाला. आता माझं काम कापायचं आसंल तर आदी मला हितनं उठवा.”

बजरंगनं ग्राइंडरची पिन काढली. त्याला कुणी सांगावं लागलं नाही. हर्षलचा चेहरा मोटारीच्या रंगाचा झाला होता. तो म्हणाला, “मला माहीत नव्हतं.”

“ही यादीतली गाडी नाही, हे तर जूनमध्ये सांगितलं हुतं,” पंकजा म्हणाली.

साळूबाईनं मुलाला एवढंच विचारलं की देवी बहिरी हाय का, तिला एवढा आवाज ऐकवायचाय तो. मग दसऱ्याला आपण एसटीनं जाणार असल्याचं जाहीर करून तिनं ताट मोटारीच्या नाकावर ठेवलं आणि आधी कुंकू आत वाकून स्टिअरिंगला लावलं. सहादेवरावांना हात काढून घ्यावे लागले.

ते खाली उतरले तेव्हा त्यांचा राग ओसरलेला नव्हता, पण त्यांना काम दिसायला लागलं होतं. डावा हेडर ठीक होता. उजवा परत पाठवून उपयोग नव्हता, कारण यादीतला कुठलाच उजवा हेडर या गाडीला बसणार नव्हता. त्याची फ्लँज, म्हणजे इंजिनाला बोल्टनं बसणारी पट्टी, तेवढी ठेवून नळ्या नव्यानं वाकवाव्या लागणार होत्या, पुढच्या दोन बॉक्सच्या पुढून आणि मागच्या दोन आतून, स्टार्टरला न भाजता.

“तार आन,” ते पंकजाला म्हणाले.

“बापू, आज नवमी हाय.”

“तार काय हत्यार न्हाई.”

कोपऱ्यात तारेचं वेटोळं होतं. त्याला कुंकू लावलेलं नव्हतं, हे पंकजानं पाहिलं आणि तिनं ते सोडवलं. वरून तार कोण घालणार ते ठरलेलंच होतं. खालून टोक धरायला मात्र कुणीतरी जायला पाहिजे होतं. बजरंग बाह्या सरसावून पुढं झाला.

“बजरंग नाही,” पंकजा म्हणाली. “हे जातील.”

हर्षलनं आपल्या कुडत्याकडं पाहिलं, मग आईकडं पाहिलं. आई मोटारीला हार घालत होती. पंकजानं जमिनीवर पोतं पसरलं. तो पाठीवर झोपला आणि सरकत सरकत गाडीखाली गेला. काळं तेल पहिल्यांदा खांद्याला लागलं, मग बाहीला. वर सहादेवरावांनी तार इंजिनाच्या कडेनं आत सोडली. खाली हर्षलच्या तोंडापासून वीतभर अंतरावर ती पाटी होती, बोटभर जाडीची, आणि तिच्या कडेनं फिरलेलं वेल्डिंग होतं. त्यानं त्या वेल्डिंगवरून बोट फिरवून पाहिलं.

पंकजा फडकं हातात घेऊन उभी होती. तिचा राग एका कुडत्यावर भागणारा नव्हता. ती वाकली आणि म्हणाली, “त्यांची माफी मागा. माझी नाही, त्यांची.”

“चुकलं, काका,” गाडीखालून आवाज आला.

सहादेवराव इंजिनात डोकं घालून उभे होते. गाडीची किल्ली हातात असलेल्या कुठल्याही माणसाला ते जन्मभर मालक आणि तुमी म्हणत आले होते. त्यांनी डोकं वर केलं नाही.

“ते ऱ्हाऊ दे,” ते म्हणाले. “आदी तू तार नीट धर.”

हर्षलनं दोन्ही हातांनी धरली.