आधी दोरा, मग कात्री

खडूचा तुकडा, झिजून नखाएवढा झालेला.

डांबराच्या गोळ्यांचा वास.

“घेऊन जा गं, तुलाच शोभेल.”

एक म्हातारा, मांडीवर हात ठेवून नुसता बसलेला.

सुई.

हे सगळं मिळून एक दुपार होते, ती अशी.

त्या शिवणकामाच्या दुकानात कापड कापायचं काम थोरल्या सुनेकडे होतं. तिला सगळे मास्टरीणबाई म्हणत. दुकान सासऱ्यांनी काढलेलं, आणि तिथला कायदाही त्यांचाच: कात्री उचलण्याआधी सुईत दोरा ओवायचा. पहिल्या खेपेला गेला तर मन ठिकाणावर आहे, खुशाल कापा. हुकला तर बाजूला जाऊन बसा. सासरे स्वतः कधीकधी दोरा ओवलेली सुई हातात असतानाही मांडीवर हात ठेवून नुसते बसून राहायचे. वय झालं, असं तिला वाटे.

मास्टरीणबाईचा दोरा कधी हुकत नसे. नवऱ्याशी कडाक्याचं भांडून आली तरी नाही. याचा तिला आतून फार तोरा होता.

त्या दुपारी धाकटी जाऊ बोचकं घेऊन आली. आत सासूबाईंचा लांब लोकरी कोट.

“वहिनी, पोरीला यातून कोट काढून द्या ना. उद्या सकाळची गाडी आहे. हॉस्टेलवर थंडी म्हणे मरणाची.”

“बघू,” मास्टरीणबाई म्हणाली. सासूबाई अंथरुणाला खिळल्या तेव्हा उशापायथ्याशी तीच होती. धाकटी रविवारी यायची, फळं ठेवायची, जायची. आणि सासूबाईंनी कोट दिला तो धाकटीला. तुलाच शोभेल म्हणे.

मशीनवरचा कारागीर अखंड बोलायचा, म्हणून त्याचं नाव रेडिओ पडलं होतं. त्याने कोट उसवला. “बाई, आतून बघा, कोरा करकरीत!”

तिने पुतणीची मापं टाकली, खडूने रेघा मारल्या. सुई घेतली. दोरा पहिल्याच खेपेला आत.

“हात म्हणजे हात आहे आपल्या बाईंचा!” रेडिओने जाहीर केलं.

कात्रीचं तोंड उघडलं आणि तिला रेघ दिसली. वाढत्या पोरांच्या कपड्याला हे दुकान बाहीत, कुशीच्या शिवणीत, खाली घेरात जास्तीचं कापड आत दुमडून ठेवायचं, म्हणजे पुढल्या वर्षी उसवून वाढवता येतं. इथे ते कुठेच नव्हतं. रेघ ऐन मापावर, सरळसोट. एका हिवाळ्यानंतर हा कोट कोणाच्याच कामाचा राहिला नसता.

मुद्दाम केलं? नाही. विसरली? तेही नाही. त्या जागी खडू क्षणभर थबकला होता, हे तिला आता आठवलं.

तिने कात्री ठेवली. दुसरा दोरा घेतला. गेला. तिसरा. तोही गेला. हात शहाणा होऊन बसला होता, ती नव्हती.

“काय झालं, वहिनी? दोरा तर गेला की.”

“गेला.”

“मग घोडं अडलं कुठे?”

रेघ पुसून नवी मारणं सोपं होतं. पण मारणारी तीच.

“मला हा कोट हवा होता,” मास्टरीणबाई म्हणाली.

मशीन थांबलं.

“अहो, मग तोंड उघडायचं ना!” धाकटी म्हणाली. “मला तर मेला टोचतो. त्यांनी इतक्या प्रेमाने दिला, नको कसं म्हणू? कपाटात पडून होता.”

“टोचतो?”

“मानेला. खाजवून खाजवून जीव जायचा.”

मास्टरीणबाईला हसू आलं. राग गेला असं नाही, पण तो कुठे बसलाय ते तिला दिसत होतं. तिने कापडावरचा खडू झटकला आणि स्टुलावर मांडीवर हात ठेवून बसली.

“आज बाई नापास!” रेडिओ म्हणाला.

“नापास. चहा सांग.”

धाकटीने दोनदा घड्याळाकडे पाहिलं. चहा आला, संपला. दुकानातले दिवे लागले तेव्हा मास्टरीणबाई उठली. नव्या रेघा मारल्या. बाहीला, कुशीला, घेराला ऐसपैस कापड सोडलं. मग सुईला हात न लावता कात्री चालवली.

“कॉलरला आतून मऊ अस्तर लाव रे,” ती रेडिओला म्हणाली. “पोरीला टोचायला नको.”

सासऱ्यांची जवळची नजर दुकान काढलं तेव्हापासूनच अधू होती. त्यांच्या सुईत दोरा सासूबाई ओवून ठेवायच्या; कापायचं की बसायचं, ते मात्र त्यांचं तेच ठरवायचे.