तेलाचा शेवटचा हात

मिस्त्रींनी फडक्याची घडी डब्यातल्या तेलात बुडवली, पिळली आणि स्वयंपाकघरातल्या ओट्याच्या कडेपासून लाकडाच्या रेषांबरोबर फिरवायला घेतली. हात पुढे सरकेल तसा सागाचा रंग उजळत गेला.

"अहो, पुरे आता. ओटा आहे की नवरदेव?" बायको दारातून म्हणाली. "त्या दोघी येतीलच एवढ्यात."

"लाकूड आहे हे, दगड नव्हे. त्याला वेळच्या वेळी तेल पाजावं लागतं, नाहीतर तडकतं."

"माझी अशी देखभाल केली असतीत, तर माझे गुडघे नसते बोलले."

मिस्त्री हसले, पण ते हसणं ओठांवरच राहिलं. मुलगी आज नातीला घेऊन येणार होती, आणि मागच्या खेपेनंतर ती या घराची पायरी चढली नव्हती.

मागच्या खेपेला पिटुकलीला त्यांनीच केकचा तुकडा भरवला होता, वर अक्रोड असलेला. मुलीने दहादा बजावलं होतं, पोरीला हे सोसत नाही. "एवढ्याशानं काय होतंय?" म्हणत त्यांनी तो भरवला. नंतर ओठ सुजले, श्वास अडकू लागला, आणि सगळ्यांना दवाखाना गाठावा लागला. पोर वाचली. एवढं होऊनही तिथल्या बाकावर बसून ते म्हणाले होते, आमच्या वेळी असली थेरं नव्हती. मुलीने एकही उलट शब्द काढला नाही. बॅग भरली आणि गेली.

या वेळी फोनवर तिने कोरड्या आवाजात सांगितलं होतं, अक्रोड, काजू, बदाम, काही म्हणजे काही घरात नको. बायकोने सगळं घर उपसून काढलं. डबे रिकामे केले, गरम पाण्याने घासले, मिक्सरचं भांडंसुद्धा नवं आणलं. शेजारणीलाही दम भरून ठेवला, की पोरीच्या हातावर परस्पर काही ठेवायचं नाही.

आणि मिस्त्रींनी ओटा केला. तडा गेलेला दगडी ओटा काढून लाकडी. फळ्या निवडायला वखारीत किती खेपा घातल्या, त्याला सुमार नाही. गाठ दिसली की फळी बाजूला. कोपऱ्यात त्यांनी ओट्याचा एक तुकडा मुद्दाम खाली घेतला होता, पोरीच्या कमरेएवढा. तिला तिथे उभं राहून पीठ मळता यावं, लाकडावर हात पसरता यावेत. माफी मागणं त्यांना जन्मात जमलं नव्हतं. रंधा मारणं जमत होतं.

बायकोने आत येऊन नाक वर केलं.

"वास मात्र छान येतोय. कसलं तेल हो हे?"

मिस्त्रींनी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. हातातलं फडकं थांबलं.

"अहो, कसलं तेल?"

"जवसाचं," ते म्हणाले.

"बरं. आवरा आता. मी फाटकाशी थांबते."

ती गेली. मिस्त्री डब्याकडे बघत राहिले. त्यांच्या कारखान्यात हा डबा सरस आणि खिळ्यांच्या फळीवर असायचा. खाण्याच्या वस्तू ज्या लाकडावर ठेवायच्या, त्याला त्यांनी आयुष्यभर हेच तेल लावलं. चांगलं वाळतं, खवट होत नाही, असं गिऱ्हाइकांना छाती पुढे काढून सांगितलं. त्यांच्या लेखी ते पॉलिश होतं. अक्रोड म्हणजे केकवर लावतात ते. या तेलाला अक्रोडाचं तेल म्हणतात हे त्यांच्या जिभेला पाठ होतं, डोक्यात मात्र कधी शिरलं नव्हतं.

सगळं घर धुऊन काढलं होतं, आणि त्यांनी स्वतःच्या हाताने ओट्याला चार हात दिले होते. कोपऱ्यातल्या बुटक्या तुकड्याला जरा जास्तच.

वाळल्यावर या तेलाने काही होतं का? त्यांना ठाऊक नव्हतं. कदाचित होतही नसेल. डबा उचलून मागच्या दाराने टाकून दिला, तर कोणाला कळणार होतं? बायकोला जवसाचं सांगून झालं होतं. खरं सांगितलं तर मुलगी आल्या पावली परत जाणार, आणि ते कायमचंच. आणि एवढ्याशानं काय होतंय?

तेच शब्द. मिस्त्रींना स्वतःची शिसारी आली.

बाहेर गाडी थांबली. दार आपटलं. "आजोबा!" अशी हाक आली आणि पायऱ्यांवर चपला वाजल्या. मिस्त्री धावत बाहेरच्या दारापाशी गेले आणि दोन्ही खांदे चौकटीला लावून आडवे उभे राहिले.

"आत येऊ नकोस!"

पिटुकली अर्ध्या पायरीवर थबकली. किती उंच झाली होती! तिने हात पसरले, तसे ते एक पाऊल मागे सरले आणि त्यांनी आपले हात पाठीमागे लपवले. पोरीचा चेहरा पडला.

"अहो, वेड लागलं का तुम्हाला?" बायको ओरडली.

मागे मुलगी बॅग घेऊन उभी होती. तिने बापाकडे नजर रोखून पाहिलं आणि पोरीचा दंड धरला.

"चल गं. आजोबांना नको आहोत आपण."

"ओट्याला अक्रोडाचं तेल लावलंय," मिस्त्री म्हणाले. आवाज त्यांचाच असून ओळखू येत नव्हता. "मी लावलंय. चार हात. तुझ्या आईला मघाशी मी खोटं सांगितलं. माझे हातही त्याच तेलाचे आहेत. तिला माझ्याजवळ येऊ देऊ नकोस."

मुलीने पोरीला एक पायरी मागे घेतलं.

"त्यानं काही होतं की नाही, मला कळत नाही," ते म्हणाले. "तू म्हणशील ते खरं. मी आत्ता ओटा उखडतो. तोवर हिला आत आणू नकोस. पाया पडतो तुझ्या."

मुलगी बघतच राहिली. भांडायची सगळी तयारी करून आलेल्या माणसाला समोर कोणी उरू नये, तशी ती उभी होती. बॅग तिच्या हातातून हळूच खाली टेकली.

रस्त्यावरून टॅक्सीवाल्याने मान बाहेर काढली.

"मॅडम, पाच मिनिटं थांबा म्हणाला होतात. अजून थांबू का?"

बायकोने चमकून मुलीकडे पाहिलं. मुलीने आईची नजर चुकवली. तिने डोळे पुसले, पर्स उघडली आणि भाडं मोजून टॅक्सीवाल्याच्या हातावर ठेवलं.

"नको," ती म्हणाली. "जा तुम्ही."

गाडी कोपऱ्यावरून वळेपर्यंत ती तिथेच थांबली. मग तिने पर्समधून पोरीसाठी कायम बरोबर ठेवलेला साबण काढला आणि वडिलांपुढे धरला.

"बाहेरच्या नळावर चला, बाबा. आधी हात धुवा."