तात्यारावच्या वावरातली लाईन

आसारामच्या गावात लाईन या एका इंग्रजी शब्दावर अर्धा संसार चालतो. वीज आली की लाईन आली, रेशनला लाईन लागते, पोरं लाईन मारतात आणि लग्न झालं की लाईनवर येतात. आसारामला मात्र सध्या एकच लाईन दिसत होती, विहिरीपासून त्याच्या भुईमुगापर्यंत जमिनीखालून गेलेली पाण्याच्या पाइपाची. ती मधे तात्यारावच्या वावरातून जाते. शेवटी धार करंगळीएवढी पडायची, आणि बाकीचं पाणी तात्याराव चोरतो याची आसारामला खात्रीच होती.

"मोटारीच्या जाळीत शेवाळ आडकलं आसंल, आधी ते बघा," दगडाबाई म्हणाली. बायको शेजाऱ्याची बाजू घेते म्हटल्यावर त्याला तिचाही संशय आला.

भुईमूग पिवळा पडत चालला होता. तो बघून आसारामचा जीव तुटायचा. आता तात्यारावचं सगळंच त्याला खटकू लागलं. मानवतला जाणाऱ्या बसमध्ये म्हातारा तात्याराव फोनवर म्हणाला, "आमच्याकडं लाईन चांगली हाय." विजेचंच बोलत होता, पण एवढं हसून कशाला? आणि परवा चहाला का बोलावलं? मनात काळंबेरं असल्याशिवाय कुणी इतकं गोड वागतं का?

शेवटी तात्याराव बाजाराला गेलेला बघून त्यानं कुदळ उचलली. बांधाजवळ खणता खणता पाइपावर खरंच पाणी दुसरीकडं वळवायचा लोखंडी कॉक लागला. आसारामला इतका आनंद झाला की त्यानं हाका मारून आजूबाजूची माणसं गोळा केली. तेवढ्यात तात्यारावही परतला.

"काय खांदायलास माझ्या वावरात?"

"तुमची चोरी, तात्या!"

म्हातारा खड्ड्याकाठी बसला. "ह्यो कॉक तुझ्या बापानं बसवला. म्या वावरातून लाईन नेऊ दिली, म्हणून आठवड्यातून एक दिवस पानी माझं, आसं ठरलं व्हतं. त्यो गेल्यावर तुझी वडाताण बघितली अन् हात लावला न्हाई. फिरवून बघ."

आसारामनं दोन्ही हातांनी जोर लावला. गंजून दगड झालेला कॉक जागचा हलला नाही. माणसं बघत होती आणि त्याला मान वर करवेना.

तेवढ्यात पाइपात पाणी खळाळलं. विहिरीकडून दगडाबाई ओल्या लुगड्यानिशी घाईघाईनं आली.

"जाळी साफ केली म्या! बघा, कसं पानी यायलंय!"

तात्याराव उठला, धोतराची माती झटकली.

"येऊ दे, माय," तो तिला म्हणाला. "उद्या मातर तुमची लाईन माझ्या वावरातून काढून न्या."