शेवटच्या पाळीचे आकडे

धाकटा भाऊ जहाजाच्या इंजिनरूममध्ये कोसळून गेला, याबद्दल कोणाचंच दुमत नव्हतं. वाद एवढाच होता की त्या वेळी तो कामावर होता की नाही. असेल तर त्याच्या बायकोला आणि दोन वर्षांच्या मुलीला पूर्ण भरपाई. नसेल तर हृदयविकाराने गेलेला माणूस, आणि विषय संपला.

"पाळी त्याची नव्हतीच," कंपनीचा वकील लवादाला म्हणाला. "वेळापत्रकात यांचं नाव आहे. तो गप्पा ठोकायला खाली गेला होता."

'यांचं' म्हणजे शेजारी मान खाली घालून बसलेल्या तेलवाल्याचं. इंजिनाचं तेलपाणी बघणारा हा माणूस कंपनीनेच साक्षीला आणला होता.

थोरली बहीण पंचवीस वर्षं कॉलेजच्या प्रयोगशाळेत साहाय्यक होती. तिने नोंदवहीचे कागद पुढे ओढले. मूळ वही जहाजावरच राहिली होती. हाती आले होते टाइप केलेले तक्ते, त्यामुळे अक्षर ओळखायचीही सोय नाही. इंजिनाभोवती बत्तीस तापमापक, दर तासाला एक फेरी, चार तासांची पाळी.

"ताई, यात काय बघायचं?" भावजय कुजबुजली. "नुसते आकडे आहेत."

"तेच बघतेय."

तेलवाल्याच्या आधीच्या पाळ्यांत सत्तर, पासष्ट, ऐंशी, पंच्याऐंशी. सगळं शून्यावर नाहीतर पाचावर. पहिल्या वर्षाची मुलं असंच करतात. काटा जवळपास दिसला की ढकल पाचावर. ती गालात हसली. मग शेवटची पाळी आली. त्र्याहत्तर, अडुसष्ट, एक्क्याऐंशी, एकोणऐंशी. तिचं बोट थांबलं.

शाळा सुटली की धाकटा तिच्या प्रयोगशाळेत येऊन बसायचा. पाऱ्याच्या रेषेसमोर डोळा आणून, श्वास रोखून वाचायचा आणि अर्ध्या अंशावरून तिच्याशी हुज्जत घालायचा.

"ही पाळी तुम्ही केलीत?" तिने तेलवाल्याला विचारलं.

"हो."

"आदल्या दिवसापर्यंत तुमचा एकही आकडा शून्य-पाचाबाहेर गेला नाही. त्या दिवशी एकेक अंश दिसायला लागला?"

"आता आकड्यांवरून माणसं ओळखणार का, बाई?" वकील म्हणाला.

"खाली नाव कोणीही टाकतं, साहेब. वाचायला मात्र वाकावं लागतं."

लवादाने दोन्ही पानं शेजारी ठेवली आणि पेन्सिलने खुणा करत सगळं मोजलं. शेवटच्या पाळीत एकशे पंधरा आकडे. शून्य-पाचावर संपणारे तेवीस. पाचातला एक, काटा खरोखर वाचला की आपोआप यावा तसा.

तेलवाल्याने तोंडावरून हात फिरवला. "मला ताप होता, ताई. तो म्हणाला, पड तू, मी बघतो. आमच्यात अदलाबदल वहीत लिहीत नाहीत, नाव वेळापत्रकातलंच राहतं. बोललो असतो तर नोकरी गेली असती."

"हे लिहून द्याल?" लवादाने विचारलं.

"देतो. जायची तर जाऊ दे."

भावजयीने पदर तोंडाला लावला. थोरलीचं बोट अजून कागदावरच होतं. चौथी फेरी एकोणिसाव्या आकड्यापाशी तुटली होती.

"हा एकोणिसावा कुठे असतो?"

"वर. दोन शिड्या चढून, इंजिनाचा धूर जातो त्या नळीपाशी. हवाच पन्नासच्या वर असते तिथे. खरं सांगू? तिकडे आम्ही कोणी जातच नाही, खालूनच अंदाजे लिहितो." तो थांबला. "तो तिथेच सापडला."

म्हणजे छातीत कळ असेल, हात घामाने निसटत असतील, आणि तरी हा दोन शिड्या चढला. डोळा काट्यासमोर आणला. वाचलं, लिहिलं. इतकी वर्षं थोरली मुलांना नीट वाचा म्हणून ओरडत होती. नीट वाचणं इतकं मोठं असू शकतं, हे तिलाच ठाऊक नव्हतं.

"किती लिहिलंय, ताई?" भावजयीने विचारलं.

"तीनशे सत्त्याऐंशी."

वकीलही खुर्चीतून अर्धा उठून, टेबलावर वाकून तो आकडा बघत होता.